उचललेलं नाव

१८९४ साल. त्या वर्षी स्कार्वॉय बेटाकडे हेरिंग मासळी फिरकलीच नाही. पुरुषांना करायला काम उरलं नाही आणि बायकांच्या तोंडी एकच विषय राहिला: म्हाताऱ्या सेवरिनचं नाव आता कोण उचलणार?

उत्तर नॉर्वेच्या आमच्या किनाऱ्यावर तेव्हा मुलीचं नाव कानाला गोड लागतं का, हे कुणी बघत नसे. माणूस गेलं की त्याचं नाव मोकळं पडे आणि घरात पुढे जन्मणाऱ्या मुलानं ते उचलायचं. मेलेला पुरुष असला आणि जन्मली मुलगी, तरी अडत नसे. नावाला शेपूट जोडलं की काम झालं. हान्सची हान्सीने, पेटरची पेट्रीने, सेवरिनची सेवरीने. आणि कुणाचं नाव उचलायचं याची शंका असली, तर मेलेलं माणूसच गर्भारणीच्या स्वप्नात येऊन उभं राही. त्याला नाव नाकारलं तर मूल रडून रडून सुकतं, असं सगळे मानत. सेवरिनची सून दोर्दीसुद्धा मानत होती. पंचाईत तिथेच होती.

दोर्दीला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हापासून तिची सासू पेत्रिके रोज सकाळी चुलीपाशी तिला गाठायची.

"काय गं, आलं होतं का कुणी?"

"नाही सासूबाई."

"नीट आठव. जाग आल्यावर खिडकीकडे बघितलं की स्वप्न विसरतं. खिडकीकडे बघतेस ना तू?"

"खिडकीवर बर्फ आहे सासूबाई. बघण्यासारखं काही नाही तिथे."

पेत्रिके ओठ घट्ट मिटून कॉफीचा डबा उघडायची आणि मोजून एकच चमचा टाकायची. नातवंडाला नवऱ्याचं नाव मिळालं म्हणजे तो पुन्हा घरात आला, असा तिचा हिशेब. गावानं सेवरिनबद्दल जे काही मनात ठेवलं होतं, तेही मग त्या गोड नावाखाली आपोआप झाकलं जाणार होतं.

सेवरिनचं काम धक्क्यावरच्या तेलाच्या छपरीत होतं. कॉड माशाची काळजं, म्हणजे यकृतं, पिंपात कुजत ठेवायची, वर आलेलं तेल काढून घ्यायचं आणि तळाचा गाळ उकळायचा. हे काम आणखीही काही जण करत, पण घरी आल्यावर ते हात धूत. सेवरिनला वाटे, तो वास म्हणजे कमाईचा वास, घरच्यांनी तो मानानं घ्यावा. त्याचा अंगठा कायम पिवळा आणि चिकट असे. जाता येता तो बायकांच्या मानेला पुसायची त्याला सवय होती. बायका किंचाळल्या की म्हणायचा, "थंडीत कातडी मऊ राहते, उपकार मान!" आणि धक्क्यावरचे पुरुष हसायचे. हे हसणंच दोर्दीला जास्त किळसवाणं वाटे.

लग्न होऊन ती दुसऱ्या बेटावरून त्या घरात आली, त्याच हिवाळ्यात त्याचं डावं अंग गेलं. उजवं शाबूत राहिलं. तो चुलीमागच्या खाटेवर पडून असायचा, तंबाखू चघळायचा आणि कॉफीच्या बशीत थुंकायचा. ती बशी दोर्दीनं घासायची. त्याला कुशीवर वळवायला ती वाकली की उजवा हात तिच्या घागऱ्याखाली शिरायचा. तिनं एकदा, फक्त एकदा, सासूला सांगितलं.

"आजारी माणूस आहे," पेत्रिके म्हणाली. "त्याचा हात कुठे जातोय, त्याला तरी काय कळतंय?"

"साखरेचा डबा कुठे आहे ते मात्र बरोबर कळतं."

"मग लांब उभी राहत जा."

"लांब उभी राहून कूस कशी वळवायची सासूबाई, तेही शिकवा."

त्यानंतर वर्षभर त्यावर चकार शब्द निघाला नाही. शरदात सेवरिन मेला. चर्चमध्ये पाद्री म्हणाले, कष्टाळू माणूस होता. दोर्दी पहिल्या बाकावर बसून आपल्या बोटांचा वास घेत होती. साबणानं सोलवटून निघाली होती ती, तरी वास होताच.

या घरात दोर्दीच्या आधी एक मोलकरीण होती. गुनवोर तिचं नाव. आतल्या फ्योर्डातून, डोंगरांमधल्या लांब खाडीतून आलेली, आगापीछा नसलेली, तांबड्या केसांची पोर. एका सकाळी ती धक्क्याखाली पाण्यात सापडली. काळजांची बादली घेऊन जाताना पाय घसरला, असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणीतरी तसं म्हणालं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. बेटावर तिचं रक्ताचं कुणी नव्हतं, त्यामुळे तिचं नाव उचलायचा प्रश्नच आला नाही. ते तसंच पडून राहिलं. दोर्दीनं तिला पाहिलं नव्हतं. घरात तिची एक खूण तेवढी उरली होती, माळ्यावरचा एक तुटका कंगवा.

फेब्रुवारीत पुरुष लोफोटेनच्या मासेमारीला गेले. दोर्दीचा नवरा एडियासही गेला. आणि एका पहाटे दोर्दीला स्वप्न पडलं. सेवरिन चुलीमागच्या खाटेवर बसला होता, दोन्ही अंगं धडधाकट. ती तोंडावर हात दाबून उठली, बाहेर धावली आणि बर्फात ओकली.

"आलं होतं का कुणी?" पेत्रिकेनं दारातूनच विचारलं.

"कुणी नाही. रात्रीचं कालवण बाधलं."

मग तिला भीती वाटायला लागली. मूल सुकेल याची भीती एकीकडे, आणि दुसरीकडे त्या माणसाचं नाव रोज तोंडात घ्यायचं, त्या नावानं हाक मारून दूध पाजायचं, त्याच्या तोंडाचा पापा घ्यायचा, ही शिसारी. तिला आपल्या आईचं नाव ठेवायचं होतं. पण आई स्वप्नात आलीच नव्हती.

एप्रिलमध्ये मुलगी झाली. धडधाकट झाली, आणि रडायला लागली ती थांबेचना. शेजारणी आंबट सायीची खीर घेऊन आल्या, कौतुकानं पाळण्यात वाकल्या आणि एकमेकींकडे बघून भुवया उडवू लागल्या.

"नाव मागतंय गं कुणीतरी," एक म्हणाली.

"बाप्तिस्म्याआधी नाव काढायचं नसतं, म्हणून मी गप्प आहे," पेत्रिकेनं उसासा टाकला. "पण ज्याचं त्याला मिळेल. घरात एवढ्यात गेलंय तरी कोण?"

बायकांनी माना डोलावल्या आणि खिरीवरचं लोणी आपल्याच चमच्यानं चाटून घेतलं.

त्या दुपारी दोर्दी बाळाला पाळण्यातून उचलायला गेली, तर तोच वास आला. आधी तिला वाटलं, भास असेल. मग तिनं अंथरुण वर केलं. उशाखाली सेवरिनचा सुरा होता, काळजं कापायचा. घासून पुसून ठेवलेला, पण लाकडी मुठीत सगळ्या जन्माचं तेल मुरलं होतं. बाळाच्या टोपड्यालाही तो वास लागला होता.

"हे काय आहे?" तिनं सुरा दोन बोटांत धरून विचारलं.

"पाळण्यात पोलाद ठेवतात, तुमच्याकडे नाही ठेवत?" पेत्रिके म्हणाली. "बाप्तिस्मा होईपर्यंत जमिनीखालचे लोक मूल बदलून नेतात."

"पोलाद तर कात्रीतही असतं."

"आजोबाची राखण वेगळी."

"आजोबाची राखण!" दोर्दीला हसू फुटलं. "सासूबाई, याच्यापासून राखायला दुसरं कुणी ठेवावं लागेल."

तिनं दार उघडून सुरा शेणखतात भिरकावला आणि बाळाचं टोपडं चुलीत घातलं. लोकर जळल्याचा घाण वास घरभर पसरला. तो तिला बरा वाटला.

"त्यानं रागवून मूल नेलं तर?" पेत्रिकेचा आवाज चिरका झाला. "मग रडशील."

दोर्दीला तीच धास्ती होती.

एडियास मेच्या सुरुवातीला परत आला. हात फुटलेले, चेहरा वाऱ्यानं भाजलेला. मुलीला बघून तो इतका विरघळला की दोर्दीला वाटलं, आता हा ऐकेल. पण पेत्रिकेनं त्याला आधीच बोटीवर गाठलं होतं.

"नावाचं काय एवढं घेऊन बसलीस?" तो म्हणाला. "सेवरीने काय वाईट आहे? मी मास्तरांना विचारलं. लॅटिन आहे म्हणाले. सेवेरुस म्हणजे करारी, शिस्तीचा. रोमन लोक ठेवायचे. एक संतही होऊन गेला त्या नावाचा."

"शिस्तीचा?"

"असा अर्थ आहे."

"रोममध्ये असेल. या घरात त्याचा अर्थ काय, ते मला ठाऊक आहे." आणि मग तिनं सांगितलं. खाट, बशी, उजवा हात, सगळं. आवाज न चढवता सांगितलं, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगतेय.

एडियास आपल्या फुटलेल्या हातांकडे बघत राहिला. त्याला धक्का बसला नाही. तो फक्त कंटाळल्यासारखा दिसला, आणि दोर्दीला उमगलं की याला माहीत होतं. लग्नाआधीपासून माहीत होतं.

"बाबा गेलेत आता," तो म्हणाला. "आईला वाईट वाटेल."

तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याच्या बापाची किळस अंगावर यायची, नवऱ्याची पोटात बसली.

बाप्तिस्मा रविवारी ठरला. चर्च मोठ्या बेटावर, बोटीनं जायचं. आणि बाळंतीण सहा आठवडे चर्चची पायरी चढत नसे; तिनं घरी थांबायचं, आणि मूल धर्ममातेनं न्यायचं. पाद्री विचारतात, मुलाचं नाव काय, तेव्हा धर्ममाता जे म्हणेल ते नाव. एकदा पाणी पडलं की मग बदलत नाही. त्यामुळे धर्ममाता कोण, यालाच सगळं महत्त्व होतं, आणि तिची निवड पेत्रिकेनं केली होती: ओविडिया, सेवरिनची सख्खी बहीण. भावाचं नाव बहिणीशिवाय कोण प्रेमानं घेणार?

ओविडिया बिनलग्नाची, बोटींच्या छपरीमागे एकटी राहायची. गावातली मढी धुवायचं काम तिच्याकडे असे, त्यामुळे तिला सगळे मान देत आणि कॉफीला कुणी बोलावत नसे. शनिवारी संध्याकाळी ती बाळ बघायला आली. ऊन अजून चांगलं होतं. पेत्रिके गोठ्यात होती. ओविडियानं पाळण्यात वाकून बघितलं.

"रडतंय बाई चांगलं. छाती मजबूत आहे."

"आत्या," दोर्दी म्हणाली, "तुमच्या पाया पडते, त्याचं नाव देऊ नका."

ओविडिया स्टुलावर बसली. "का?"

"तुम्हाला सांगायला हवं का?"

"नको," ओविडिया म्हणाली. "मी एकाच घरात वाढलेय त्याच्याबरोबर. पण स्वप्नात आला असेल तर माझा इलाज नाही पोरी. आला होता?"

दोर्दीनं खोटं बोलायला तोंड उघडलं. पाळण्यात बाळ निळंजांभळं होऊन रडत होतं.

"आला होता," ती म्हणाली. "कुणालाही सांगितलं नाही मी."

"काय केलं त्यानं?"

"नेहमीचंच. खाटेवर बसला होता. म्हणाला, कॉफी आण. बशीत थुंकला. म्हणाला, जवळ ये की, लाजतेस काय."

"बोलला?"

"हो. बडबड चालूच होती."

ओविडियानं मान हलवली. "मग तो नाव मागायला आला नव्हता. आजवर किती बायकांनी स्वप्नं सांगितलीत मला. नाव मागणारे बोलत नाहीत गं. नुसते उभे राहतात आणि बघतात. बोलणाऱ्याला काही मागायचं नसतं, त्याला फक्त जायचं नसतं. दुसरं कुणी होतं तिथे?"

दोर्दीनं डोळे मिटले. तो खाटेवरचा माणूस सोडून तिनं त्या स्वप्नात दुसरं काही आठवायचा प्रयत्नच कधी केला नव्हता.

"दारात कुणीतरी होतं. मुलगी होती एक. हातात बादली. मी तिच्याकडे धड बघितलं नाही आत्या, मला फक्त बाहेर पळायचं होतं आणि ती वाटेत उभी होती."

"कशी होती?"

"भिजलेली. केस तांबडे, गालाला चिकटलेले. काही बोलली नाही. ओळखीची नव्हती."

ओविडियानं उठून बाळाची दुलई सारखी केली.

"उद्या गरम गुंडाळून दे. बोटीत वारा असतो."

"काय नाव सांगाल आत्या?"

"नाव चर्चमध्ये सांगायचं असतं. इथे नाही," असं म्हणून ती गेली.

रविवारी बोट गेली. घरात दोर्दी एकटी. पाहुण्यांसाठी खीर ढवळायची, ओटची पातळ भाकरी मांडायची, कॉफीचं पाणी ठेवायचं. ती चुलीमागच्या रिकाम्या खाटेकडे बघत काम करत राहिली. मध्येच तिनं ती खाट बाहेर ओढत नेली, अंगणात आडवी टाकली आणि तिथेच सोडून दिली. तिला हायसं वाटेल असं वाटलं होतं. पण खाटेखालच्या फळ्यांवर तंबाखूच्या पिंकांचे वाळलेले डाग दिसले आणि ते गरम पाण्यानं खरवडत ती गुडघ्यांवर बसली. नावही असंच निघेल का खरवडून, असं तिच्या मनात आलं.

बोट परतली. सगळ्यांच्या पुढे पेत्रिके घरात शिरली. शाल काढली नाही तिनं.

"विचार," ती म्हणाली, "विचार तुझ्या आत्याबाईला, काय दिवे लावून आल्यात ते!"

मागून ओविडिया आली. तिनं बाळ दोर्दीच्या हातात ठेवलं. बाळ झोपलं होतं, बोटीच्या हेलकाव्यानं दमून.

"घे," ओविडिया म्हणाली. "गुनवोर."

दोर्दीला पहिल्यांदा वाटली ती किळसच. बुडालेल्या पोरीचं नाव, धक्क्याखालच्या पाण्याचं, काळजांच्या बादलीचं. आईचं नाव नाही, काही नाही. मग तिला दारातली ती भिजलेली मुलगी आठवली. आपण तिला ढकलून बाहेर पळालो होतो.

पाहुणे आत येऊन बाकांवर बसले. एडियासनं घसा खाकरला. "पाद्रीबुवा खूश झाले नावावर," तो म्हणाला. "म्हणाले, अस्सल आपलं, फार जुनं नाव आहे. ख्रिस्त इथे यायच्या आधीचं. गुन म्हणजे लढाई आणि वोर म्हणजे सावध. लढाईत सावध असणारी."

"सावध!" पेत्रिके फिसकन हसली. "ती सावध असती तर..."

आणि थांबली.

"पूर्ण कर ना वहिनी," ओविडिया शांतपणे म्हणाली. "सावध असती तर काय?"

"तर पडली नसती. पाय घसरला तिचा."

"कोणाच्या घरी सावध राहायला हवं होतं तिनं? माझ्या की तुझ्या?"

"ओविडिया, आज बाप्तिस्म्याचा दिवस आहे!"

"म्हणूनच बोलतेय. मी तिला धुतलं वहिनी. त्या पोरीच्या पोटात माझ्या भावाचं मूल होतं. तू तिला नवा झगा शिवून दिला होतास ना, सैल कमरेचा? तुलाही माहीत होतं."

चुलीवरचं पाणी उकळून सांडलं, तरी कुणी उठलं नाही. बाकांवरचे सगळे गुडघ्यांकडे बघत होते. कुणीच चकित झालं नव्हतं. दोर्दीनं एकेक चेहरा बघितला. धक्क्यावर हसणारे तेच होते, मान हलवणारे तेच होते, आणि पाळण्यात वाकून लोणी चाटणाऱ्या बायकाही त्याच. साऱ्या बेटाला ठाऊक होतं. फक्त तिला त्या घरात सून म्हणून आणताना कुणाला आठवलं नव्हतं.

मग शेजारचा म्हातारा कुणाकडेही न बघता म्हणाला, "खीर थंड होतेय."

आणि चमचे वाजायला लागले. हळूहळू, मग जोरात. खरवडण्याचे, चाटण्याचे, गिळण्याचे आवाज. बशीत कॉफी ओतून फुर्र करून पिण्याचा आवाज. बाळाला घेऊन दोर्दी अंगणात आली आणि खाटेपासून लांब, वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"गुनवोर," तिनं म्हणून बघितलं. नाव तिला आवडलं नाही. पण तोंडात धरवत होतं.

नावानं बाळाचं रडणं काही थांबलं नाही. पोटदुखी होती, ती तिच्या वेळेला, उन्हाळ्याच्या शेवटी गेली. पेत्रिके म्हणायची, बघा, नाव चुकलं. ती पुढे सात वर्षं जगली आणि नातीला तिनं नावानं एकदाही हाक मारली नाही. "ए" म्हणायची, किंवा "तांबडी". मुलीचे केस तर वाळल्या गवतासारखे पिवळे होते. एडियासनं आपल्या हिश्शाच्या बोटीला "सेवरिन" नाव दिलं. दोर्दी त्या बोटीत कधी बसली नाही. म्हातारपणापर्यंत ती दोघं एका घरात राहिली, चांगली वागली, आणि त्याबद्दल परत बोलली नाहीत. ओविडिया तीन हिवाळ्यांनी गेली. तिला धुवायला कुणी पुढे येईना, तेव्हा दोर्दीनं धुतलं. तिच्या दुसऱ्या मुलीचं नाव ओविडिया. स्वप्नात म्हातारी आली होती, आणि काही न बोलता नुसती उभी राहून बघत होती.

सेवरीने नावाची मुलगीही झालीच शेवटी, एडियासच्या बोडो शहरात राहणाऱ्या भावाला. गोड मुलगी होती, उन्हाळ्यात यायची, "काकू, काकू" करत गळ्यात पडायची. दोर्दी तिला खाऊ द्यायची, वेण्या घालायची, पण पापा घ्यायला तिला कधी जमलं नाही. त्या पोरीचा काही दोष नव्हता, हे तिला कळत होतं.

गुनवोर शिकली, तारायंत्रावर काम करायला लोफोटेनला गेली. नावाचा अर्थ कुणी विचारला की ती पाद्रीबुवांचा अर्थ सांगायची, लढाईत सावध, आणि समोरच्याला तो फार आवडायचा. पहिल्या पगारातून तिनं चर्चच्या दफनभूमीच्या उत्तर कोपऱ्यात, जिथे त्या बुडालेल्या मोलकरणीला पुरलं होतं, तिथे एक दगड बसवून घेतला. त्यावर तेवढंच नाव कोरलं. बेटावरचे लोक म्हणत, जिवंतपणी आपल्याच नावाचा दगड कोण बसवतं? म्हणताना ते कोपऱ्याकडे बघत नसत.

दोर्दी ऐंशीच्या पुढे जगली. तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरोघरी मुलांना रोज सकाळी कॉडच्या काळजाचं तेल चमचाभर देत. हाडं मजबूत होतात म्हणून. नातवंडं नाक दाबून ते घ्यायची आणि ओरडायची. "आजी, तू देत जा ना, तू दिलंस की गोड लागेल!" आजी मात्र बाटलीचं बूच निघायच्या आतच शाल घेऊन बाहेर गेलेली असे.